लहान निळे फुलपाखरू : ओळख आणि अधिवास

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन अर्थात राणी पाकोळी या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. असा दर्जा देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. पंखांचा विस्तार बारा ते पंधरा सेंटिमीटर असलेले हे देखणे फुलपाखरू सह्याद्रीच्या दाट झाडीत विशेषत्वाने आढळते. मात्र राज्याचा फार मोठा भाग हा सह्याद्रीचा नाही. मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या, काळ्या जमिनीच्या आणि उघड्या माळांच्या प्रदेशात पावलोपावली भेटणारे निळे फुलपाखरू वेगळेच आहे. ते अंगठ्याच्या नखाहून फारसे मोठे नसते. जमिनीपासून वीतभर उंचीवर ते उडते आणि पंख मिटून बसले म्हणजे राखाडी दिसते. त्यामुळे त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

लक्ष गेले तरी त्याची नोंद 'एक लहान निळे फुलपाखरू' एवढीच होते. वस्तुतः या चार शब्दांच्या आड अनेक वेगवेगळ्या जाती दडलेल्या असतात. त्यांची अन्नवनस्पती वेगळी, राहण्याची जागा वेगळी आणि शेतीशी असलेला संबंधही वेगळा असतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे प्रमुख कार्य आहे. ही नोंदवही खऱ्या अर्थाने उपयोगी पडावयाची असेल, तर अशा लहान जिवांची अचूक ओळख आवश्यक ठरते. या दृष्टीने काही माहिती येथे देत आहोत.

मस्तगड आणि परिसर

जालना हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या जालना शहरातील मस्तगड हा भाग तेथील जुन्या गढीमुळे ओळखला जातो. या गढीचे बांधकाम १७२५ चे, म्हणजे निजामुल्मुल्क आसफजाहच्या काळातील आहे. अशा जुन्या वास्तूंच्या आसपास निसर्गाची लहान लहान दालने तयार होतात. भिंतीच्या सावलीत ओल टिकते आणि तेथे आंबुटी पसरते. उन्हात तापणाऱ्या मोकळ्या जागेत सराटा वाढतो. माती-कचऱ्याच्या ढिगावर तांदुळजा उगवतो. वाटेच्या कडेला एकदांडीची पिवळी-पांढरी फुले डोलत असतात. गावाबाहेर पडल्यावर हीच रचना शेताचे बांध, गायरान, नाल्याचा काठ आणि शाळेचे पटांगण येथे मोठ्या प्रमाणावर आढळते.

आपल्याला हे सर्व 'तण' वाटते. लहान निळ्या फुलपाखराच्या दृष्टीने मात्र यातील प्रत्येक रोपटे म्हणजे एखाद्या विशिष्ट जातीचे घर होय. फुलपाखरू मध कोणत्याही फुलातील घेईल, परंतु त्याची मादी अंडी घालते ती ठरावीक वनस्पतींवरच, कारण अळी दुसरे काही खात नाही. म्हणूनच अधिवास म्हणताना केवळ 'गवताळ जागा' असे म्हणून भागत नाही. त्या गवतात कोणते रोपटे आहे, हे पाहावे लागते.

निळ्या रंगाचा उलगडा

ही फुलपाखरे लायसेनिडी या कुलात मोडतात. जगात या कुलातील पाच हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांच्या पंखांवरील निळा रंग हा बहुतांशी रंगद्रव्याचा नसतो. पंखांवर कौलांप्रमाणे बसविलेल्या सूक्ष्म खवल्यांच्या रचनेमुळे प्रकाशातील निळा भाग परावर्तित होतो व पंख निळे भासतात. त्यामुळे प्रकाशाच्या कोनाप्रमाणे एकच फुलपाखरू कधी निळे, कधी जांभळट, तर कधी रुपेरी दिसते. शिवाय निळाई ही मुख्यतः नराच्या पंखांच्या वरच्या बाजूस असते. मादी बहुधा तपकिरी असते. खवले झडलेले जुने फुलपाखरू तर आणखी फिके दिसते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. वरच्या निळ्या रंगावरून जात ओळखण्याचा प्रयत्न केल्यास फसगत होण्याचाच संभव अधिक. ओळखीची खरी खूण पंखांच्या खालच्या बाजूस असते, आणि सुदैवाने ही फुलपाखरे पंख मिटून बसत असल्याने तीच बाजू आपल्यासमोर येते.

पाच जातींची ओळख

गवताळ जागेतील लहान निळ्या फुलपाखरांपैकी पाच जाती विशेष परिचयाच्या आहेत. त्यांची प्रचलित इंग्रजी नावे येथे देवनागरीत दिली आहेत. या पाचही जातींच्या पंखांना शेपटी नसते, हे प्रथम ध्यानात ठेवावे.

निरीक्षण करताना पुढच्या पंखाची खालची बाजू पाहावी. पंखाच्या मुळापासून मध्यापर्यंत शिरांनी वेढलेली एक लांबट मोकळी जागा असते. तिला आपण 'मध्यकोष्ठ' म्हणू. या कोष्ठाच्या टोकाशी एक लहान आडवी रेघ असते. त्या रेघेच्या आत, म्हणजे कोष्ठाच्या मध्यभागी, आणखी एक काळा ठिपका आहे किंवा नाही, हा पहिला प्रश्न. पुढील निवड या एका ठिपक्यावर अवलंबून आहे.

पेल ग्रास ब्लू : मध्यकोष्ठात ठिपका असतो. नर वरून फिकट, रुपेरी छटेचा निळा असतो. या गटात हे आकाराने त्यातल्या त्यात मोठे आहे. ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञ कोलार याने १८४४ मध्ये या जातीचे वर्णन करून तिला 'महा' हे जातिनाम दिले. अळीचे मुख्य अन्न आंबुटी. म्हणून हे फुलपाखरू बागा, रोपवाटिका, नळकोंडाळी आणि भिंतीच्या ओलसर सावलीच्या आसपास अधिक दिसते.

डार्क ग्रास ब्लू : याच्याही मध्यकोष्ठात ठिपका असतो. परंतु नराचा रंग गडद, जांभळट निळा असतो आणि कडेची काळपट पट्टी रुंद असते. अळी तांदुळजा-माठ वर्गातील भाज्यांवर आणि सराट्यावर वाढते. कोरडी, तुडवली जाणारी, उघडी जमीन यास चालते. बाजारतळ, खळे, बैलगाडीची वाट अशा ठिकाणी हे आढळते.

लेसर ग्रास ब्लू : मध्यकोष्ठात ठिपका नसतो. याची दुसरी खूण मागच्या पंखाच्या खालच्या बाजूस असते. तेथील ठिपक्यांच्या कमानीतील वरच्या कडेजवळचा एक ठिपका रांग सोडून आत, पंखाच्या मुळाकडे सरकलेला असतो. त्यामुळे कमान मोडल्यासारखी दिसते. अळीचे अन्न शेवरा, रानमेथी यांसारख्या द्विदल वर्गातील जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती. चराऊ कुरण आणि शाळेचे पटांगण ही याची आवडती ठिकाणे.

टायनी ग्रास ब्लू : येथेही मध्यकोष्ठात ठिपका नसतो. परंतु कोष्ठाच्या वर, पंखाच्या अगदी पुढच्या कडेला एक बारीक ठिपका असतो. पंख किंचित लांबट व उड्डाण दुबळे. पंखांचा विस्तार सोळा ते चोवीस मिलिमीटर. अळी तालीमखान्याच्या कुलातील वनस्पतींवर वाढते. त्यामुळे नाल्याकाठची व पाणथळ कडेची ओलसर जागा याच्या शोधासाठी योग्य.

ग्रास ज्युएल : नीलवर्गात गणना होत असूनही हे फुलपाखरू वरून निळे नसते, तर तपकिरी असते. पंखांचा विस्तार पंधरा ते बावीस मिलिमीटर एवढाच असल्याने भारतातील सर्वांत लहान फुलपाखरांत त्याची गणना होते. मागच्या पंखाच्या कडेला नारिंगी रंगात जडविलेले काळे ठिपके असतात आणि त्या ठिपक्यांत हिरवट-निळी धातूसारखी चमक असते. हीच त्याची निश्चित खूण. अळी नीळ वर्गातील जमिनीलगतच्या रोपट्यांवर तसेच काही रानटी वनस्पतींवर वाढते. खडकाळ, मुरमाड माळ हे याचे खरे घर.

या वर्णनावरून असे दिसेल की, जेथे ठिपक्यांबाबत संशय राहतो तेथे वनस्पती मदतीस येते. आंबुटीच्या गालिच्यावर मादी अंडी घालीत असेल, तर ती बहुतांशी पेल ग्रास ब्लू असणार. सराट्यावर अंडी घालणारी मादी डार्क ग्रास ब्लू असण्याचा संभव अधिक. ठिपका आणि रोपटे या दोन्ही खुणा जुळल्या म्हणजे ओळख पक्की समजावी. उन्हाळ्यात मात्र खालच्या बाजूचा रंग फिका व ठिपके अस्पष्ट होतात. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात अभ्यासास आरंभ करावा.

पिकातील निळी फुलपाखरे

अचूक ओळखीचा प्रश्न हा केवळ अभ्यासकांचा नाही. जालना जिल्ह्यात तूर, मूग, उडीद ही कडधान्ये घेतली जातात. बदनापूर येथे कडधान्यांवर तसेच मोसंबीवर संशोधन चालते, आणि जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या पिकांतही निळी फुलपाखरे येतात.

पी ब्लू या जातीची मादी तूर, चवळी, वाल, वाटाणा यांच्या कळ्यांवर अंडी घालते आणि अळी फुले व शेंगा पोखरते. ही जात गवतातील जातींपासून सहज वेगळी काढता येते. ती आकाराने मोठी असते. मागच्या पंखाला दोऱ्यासारखी बारीक शेपटी असते, खालच्या बाजूस तपकिरी-पांढऱ्या लहरी असतात आणि कडेजवळ एक ठळक पांढरा पट्टा असतो. ग्रॅम ब्लू ही दुसरी जात मूग, उडीद, चवळी यांवर येते. तिलाही शेपटी असते, मात्र खालच्या बाजूस लहरी नसून शेपटीजवळ नारिंगी टोपी असलेले दोन काळे ठिपके असतात. मोसंबी-लिंबाच्या कोवळ्या पानांवर लाइम ब्लू ही बिनशेपटीची जात वाढते. लिंबूवर्गीय झाडांची पाने खाऊन जे मोठे नुकसान होते ते बहुधा पिवळ्या-काळ्या लिंबू फुलपाखराच्या अळीमुळे होते. लाइम ब्लूचा वाटा त्या मानाने किरकोळ असतो.

बांधावर निळी फुलपाखरे भिरभिरताना दिसली की पिकावर कीड आली असे समजून फवारणी करणारे शेतकरी आढळतात. त्या फुलपाखरांना शेपटी आहे काय, एवढी एक खूण पाहिली तरी पुष्कळ अनावश्यक खर्च वाचू शकेल. आंबुटी किंवा सराटा खाणारी अळी तुरीच्या शेंगेत शिरत नाही. ती तणावर जगते आणि तिच्यावर कोळी, चतुर, पक्षी व परोपजीवी गांधीलमाश्या जगतात. यांपैकी अनेक जीव पिकावरील किडींचाही फडशा पाडतात. बांधावरील सर्व जीवन नष्ट केल्यास या मित्रकीटकांचा आधारही नाहीसा होतो.

अळी आणि मुंगी

लायसेनिडी कुलातील बहुसंख्य जातींचे मुंग्यांशी विशेष नाते असते. या कुलातील अळी चपटी, दोन्ही टोकांस निमुळती व वनस्पतीच्या रंगाची असते. अनेक जातींच्या अळ्यांच्या पाठीवर, मागील भागात एक ग्रंथी असते. मुंगीने शृंगिकांनी स्पर्श केला की ग्रंथीतून गोड द्रवाचा थेंब बाहेर येतो. मुंग्या तो चाटतात आणि मोबदल्यात गांधीलमाश्या व इतर शत्रूंपासून अळीचे रक्षण करतात.

निरीक्षकाला याचा एक व्यावहारिक उपयोग होतो. अळी सहजासहजी दृष्टीस पडत नाही, परंतु एखाद्या रोपट्याच्या शेंड्यावर किंवा कळीवर मावा नसतानाही मुंग्या घुटमळत असतील, तर तेथे अळी असण्याचा संभव असतो. अंडी बारीक, चपटी, बत्ताशासारखी आणि पांढरट-हिरवट असतात. साधे भिंग असल्यास त्यांवरील जाळीदार नक्षी स्पष्ट दिसते. अनुकूल हवामानात अंड्यापासून फुलपाखरू होण्यास सुमारे तीन ते चार आठवडे लागतात. म्हणजे शाळेच्या एका सत्रात विद्यार्थ्यांना एकाहून अधिक पिढ्या पाहावयास मिळू शकतात.

परदेशातील दोन उदाहरणे, आणि एक तिसरे

लहान निळ्या फुलपाखराच्या अधिवासाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे दोन देशांच्या अनुभवावरून दिसून आले आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या वाळूच्या टेकड्यांवर झर्सीस ब्लू नावाचे फुलपाखरू होते. शहर वाढत गेले, टेकड्या बांधकामाखाली गेल्या आणि १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही जात जगातून कायमची नाहीशी झाली. हे फुलपाखरू शहरातच राहणारे होते, ही बाब नगर प्रशासनाने लक्षात घेण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील लार्ज ब्लू या जातीचे. ही जात वाचविण्याची इच्छा होती, जागाही राखून ठेवल्या होत्या. तरीही ती १९७९ मध्ये त्या देशातून नष्ट झाली. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाच्या अभ्यासातून कारण उघडकीस आले. या फुलपाखराची अळी एका विशिष्ट जातीच्या लाल मुंगीच्या वारुळात वाढते. ती मुंगी आखूड गवताच्या, उन्हाने तापणाऱ्या जमिनीतच टिकते. गुरांची चराई कमी झाली, १९५० नंतरच्या दशकात रोगामुळे ससेही घटले. परिणामी गवत वाढले, जमीन थंड झाली, मुंगी गेली आणि तिच्यामागोमाग फुलपाखरूही गेले. पुढे चराईची योग्य व्यवस्था करून स्वीडनमधून आणलेल्या फुलपाखरांच्या साहाय्याने १९८३ पासून या जातीचे पुनर्वसन करण्यात आले व ते यशस्वी झाले. केवळ कुंपण घालणे म्हणजे संरक्षण नव्हे, हा यातील बोध आहे. चराईचेही एक प्रमाण असते. गायरान पूर्ण ओसाड होणे जसे घातक, तसेच ते उंच गवताने किंवा दाट लागवडीने झाकले जाणेही लहान रोपट्यांवर जगणाऱ्या जिवांना घातक ठरू शकते.

तिसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. आपल्या आंबुटीवरील पेल ग्रास ब्लू ही जात जपानच्या बहुतेक भागातही आढळते. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर तेथील संशोधकांनी परिसरावरील परिणाम तपासण्यासाठी याच फुलपाखराची निवड केली व २०१२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या निष्कर्षांवर वैज्ञानिकांत चर्चा झाली. तथापि, सर्वत्र सापडणारे, माणसाच्या वस्तीजवळ राहणारे आणि अल्पावधीत पिढी पूर्ण करणारे हे साधे फुलपाखरू परिसराची स्थिती जाणून घेण्याचे साधन होऊ शकते, ही कल्पना त्यातून दृढ झाली.

स्थानिक संस्थांनी व शाळांनी काय करावे

मस्तगडसारख्या जुन्या वास्तूंची निगा राखणे आवश्यकच आहे. वड-पिंपळासारख्या झाडांची मुळे चिरे उखडतात, ती वेळीच काढावयास हवीत. परंतु तटाच्या पायथ्याशी असलेली आंबुटी किंवा मोकळ्या जागेतील शेवरा वास्तूला अपाय करीत नाही. स्वच्छतेच्या कामाचे आदेश देताना हा भेद स्पष्ट करावा. तणनाशकाची सरसकट फवारणी टाळून आवश्यक तेथे कापणी करावी व तीही एकाच वेळी सर्व जागेची न करता टप्प्याटप्प्याने करावी. त्यामुळे अळ्यांना आसरा शिल्लक राहतो. २०२३ मध्ये महानगरपालिका झालेल्या जालन्यासारख्या वाढत्या शहरात उद्यानांची आखणी करताना विदेशी हिरवळीबरोबर एखादा कोपरा स्थानिक रानवनस्पतींसाठी राखणे कठीण नाही, खर्चाचेही नाही.

ग्रामपंचायतींनी गायरान, नालाकाठ व शाळेचे आवार या तीन जागांची वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यात व हिवाळ्याच्या आरंभी, पाहणी करावी. या कामी विद्यार्थ्यांचे मोठे साहाय्य होऊ शकते. शिक्षकांनी दहा पावले लांब व दहा पावले रुंद असा एक तुकडा निवडून आठवड्यातून एकदा त्याचे निरीक्षण विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. सकाळी ऊन पडल्यावर फुलपाखरे पंख उघडून बसतात, तेव्हा वरची बाजू दिसते. सायंकाळी ती गवताच्या शेंड्यावर पंख मिटून विसावतात, तेव्हा खालची बाजू शांतपणे पाहता येते. फुलपाखरू पकडण्याची आवश्यकता नाही. मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने घेतलेले खालच्या बाजूचे एक स्पष्ट छायाचित्र पुरेसे होते.

प्रत्येक नोंदीत पुढील बाबी असाव्यात : दिनांक व वेळ; नेमकी जागा; शेपटी आहे किंवा नाही; मध्यकोष्ठातील ठिपका आहे किंवा नाही; फुलपाखरू कोणत्या रोपट्यावर होते व तेथे मध घेत होते की अंडी घालीत होते; मुंग्यांचा वावर. रोपट्याचे स्थानिक नाव गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांकडून विचारून घ्यावे. रानभाज्या खुडणाऱ्या स्त्रियांना व गुरे राखणाऱ्यांना या वनस्पतींची जी माहिती असते, ती पुस्तकांतही सहसा मिळत नाही. त्या माहितीची नोंद हाही नोंदवहीचा एक हेतू आहे. जात निश्चित न झाल्यास अंदाजाने नाव लिहू नये. छायाचित्र व वनस्पतीचे नाव जोडून महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाकडे विचारणा करावी.

मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेने १८८३ पासून आणि तिच्याशी निगडित अनेक हौशी अभ्यासकांनी अशाच साध्या नोंदींतून भारतीय फुलपाखरांचे ज्ञान उभे केले. त्यातील बऱ्याच नोंदी डोंगराळ व जंगली प्रदेशातील आहेत. मराठवाड्याच्या माळांचा व बांधांचा तपशील भरण्याचे काम तेथे राहणाऱ्यांनीच करावयाचे आहे. राज्यातील प्रत्येक गावाच्या नोंदवहीत 'लहान निळे फुलपाखरू' या शब्दांच्या जागी जातीचे नाव, तिची वनस्पती आणि ती वनस्पती ज्या जागेत उगवते त्या जागेची नोंद आली, तर ती जागा का राखावयाची याचे उत्तर पुढील पंचायतीला आयतेच मिळेल.